ओबादायाचं टेबल

नेरूरकर वकील कुणाच्याही गाडीत फुकट बसत नाहीत. जून महिना, मस्कतचं ऊन, दुपारचे दोन, डांबर चपलेला चिकटतंय. माझी गाडी त्यांच्या शेजारी थांबलेली, एसी सुरू, दार उघडं. आणि हा माणूस डोक्याला ओला रुमाल बांधून फुटपाथवरून मला सांगतो, "नको सदा. ओबादायाने रेल्वेचा पास घेतला नव्हता."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ऊन लागलं. मी खाली उतरून त्यांना धरायला गेलो. त्यांनी माझा हात बाजूला केला. म्हणाले, "रेल्वे कंपनीने सगळ्या आमदारांना फुकट पास वाटले होते. सगळ्यांनी घेतले. एकटा ओबादाया खेचरावर बसून तीन दिवसांनी राजधानीत पोचला. का? तर उद्या त्याच कंपनीच्या विरुद्ध मत द्यायची वेळ आली तर मान वर राहायला हवी. आज मी तुझ्या गाडीत बसलो, तर उद्या आपल्या मराठी मंडळाच्या सभेत तुझ्या विरुद्ध मत कसं देऊ?"

"माझ्या विरुद्ध मत द्यायचंच कशाला?"

"ते मी कसं सांगू? तू अजून काही मांडलंच नाहीस."

पुढे मी मांडलं. त्याची गोष्ट येईलच. ती सांगायलाच मी बसलोय, कारण तीन वर्षं ती माझ्या घशात माशाच्या काट्यासारखी अडकली होती.

आधी ओबादाया कोण ते सांगतो. ओबादाया क्रम्ली हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेतला वकील. जन्म लाकडी ओंडक्यांच्या झोपडीत. दुसऱ्या एका वकिलाच्या कचेरीत झाडू मारता मारता कायदा शिकला. मग खेचरावर पुस्तकांची पिशवी टाकून गावोगावच्या कोर्टात फिरला, आणि शेवटी आपल्या राज्याच्या विधानसभेत निवडून गेला. एवढंच. लढाई जिंकली नाही, राष्ट्राध्यक्ष झाला नाही, त्याच्या नावाचा पूलसुद्धा नसेल कुठे. पण मस्कतमधल्या निम्म्या मराठी माणसांना तो ठाऊक आहे. मंडळातले लोक त्याला ओबादायाराव म्हणतात. मी मनातल्या मनात ओबडधोबड म्हणतो.

मत्रहला, मस्कतच्या जुन्या बंदराच्या मागच्या गल्लीत वकिलांची एक खोली होती. तिथे भिंतीवर ओबादायाच्या चित्राची झेरॉक्स लावलेली. त्याला लांब दाढी आहे, मिशी नाही. त्यामुळे ओमानी घरमालकाला वाटायचं, हे वकिलांचे कुणीतरी धार्मिक आजोबा असणार. खोलीत आला की तो आधी चित्राला सलाम करायचा. मी वकिलांना म्हटलं, त्याला खरं काय ते सांगा. तर म्हणाले, "आदर चुकीच्या पत्त्यावर गेला तरी परत पाठवू नये."

वकील स्वतः कुडाळच्या कोर्टात दोन वर्षं होते. त्यांनी एकच खटला चालवला, फणसाचा. झाड एकाच्या परड्यात, फांदी दुसऱ्याच्या, फणस कुणाचा? वकिलांनी आपल्या पक्षकाराची बाजू इतकी चोख मांडली, आणि मग समोरच्याची बाजूही त्याच्या वकिलापेक्षा चांगली समजावून सांगितली, की न्यायाधीश म्हणाले, तुम्ही दोघं बाहेर जाऊन मिटवा. दोघांनी मिटवलं. झाडाखाली बसून फणस फोडला, पोटभर खाल्ला, आणि वकिलांना एक गरासुद्धा दिला नाही. त्याच वर्षी ते मस्कतला आले. करारांची भाषांतरं करणाऱ्या एका ऑफिसात तपासनीस म्हणून चिकटले आणि तिथेच म्हातारे झाले. म्हणायचे, "माझ्या नावावर जिंकलेला खटला एकही नाही. पण अर्ध्या मस्कतचे स्वल्पविराम माझे आहेत."

आता माझी चूक. ओबादायाला वकिलांच्या आयुष्यात मीच आणला.

माझं बौशरला जुन्या फर्निचरचं दुकान आहे. मी सातवी पास. मस्कतला आलो तो सुतार म्हणून, दुसऱ्याच्या कारखान्यात. आज माझा स्वतःचा पिकअप आहे, गोदाम आहे. नोकरी संपवून देश सोडणाऱ्या लोकांच्या घरचं सामान मी उचलतो. सौदा करताना माझा आवाज चढतो हे खरं आहे. पण कुणाला फसवल्याचं कुणी सांगणार नाही.

तर एकदा मदिनत सुलतान काबूस ह्या साहेबलोकांच्या वस्तीत एका अमेरिकन घरी गेलो. बाई घर आवरत होत्या. जेवणाच्या खोलीत एक टेबल होतं. बारा माणसांचं, अक्रोडाच्या लाकडाचं, हत्तीसारखं. असं लाकूड मी आयुष्यात दोनदाच हाताळलंय. तोंडावर मात्र मी असा भाव आणला की जणू मला कुणी मेलेली म्हैस उचलायला सांगितलीय. "मॅडम, धिस टेबल नोबडी वाँट. टू बिग. वन लेग शॉर्ट." एक पाय खरंच आखूड होता, त्याच्याखाली एक जाडजूड पुस्तक सरकवलेलं. तासभर घासाघीस झाली. शेवटी बाई कंटाळल्या. टेबल उचलताना मी ते पुस्तक त्यांच्या हातात द्यायला गेलो, तर त्यांनी हात मागे घेतले. नवऱ्याच्या घराण्यातल्या कुठल्याशा म्हाताऱ्याचं चरित्र होतं म्हणे, कुणी वाचत नाही. म्हणाल्या, "इट कम्स विथ द टेबल."

त्या दिवशी वकील माझ्या दुकानात खुर्ची बघायला आले होते. पुस्तक त्यांच्या हातात टेकवलं आणि म्हटलं, घ्या, टाइमपास. कचऱ्याच्या डब्यात टाकलं असतं तर माझी तीन वर्षं सुखाची गेली असती.

पुढच्या शुक्रवारपासून ओबादाया आमच्या घरी जेवायला येऊ लागला. वकील दर शुक्रवारी दुपारी आमच्याकडे जेवायचे. फुकट नाही. येताना कोथिंबिरीची एक जुडी आणायचे. ते त्यांचं तिकीट. ते मीनाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या हातात दिल्याशिवाय चप्पल काढायचे नाहीत. मग सुरमईचं तिखलं आणि भात पुढ्यात आला की सुरू. "वहिनी, ओबादायाचं सगळ्यात गाजलेलं भाषण कुठलं? कुंपणाचं. प्रश्न असा होता, की कुंपण पिकांना घालायचं की गुरांना? गुरं मोकळी चरणार आणि ज्याची शेती त्याने कुंपण घालायचं, की ज्याची गुरं त्याने ती बांधून ठेवायची?"

"ह्यात काय विचारायचं?" मीना म्हणाली. "ज्याची गुरं त्याने बांधावी. आमच्याकडे नाही का, पेरणी झाली की गुरं सोडत नाहीत."

"अगदी हेच! अगदी हेच ओबादायाने सभागृहात सहा तास उभं राहून सांगितलं."

"मग सहा तास कशाला लागले?"

वकिलांनी घास ताटात ठेवला. विचार केला. "समोर सगळे पुरुष होते, वहिनी."

आमची इशा तेव्हा सातवीत. ती टेबलाखाली मोबाइल बघायची आणि मध्येच विचारायची, "काका, पण ही वॉज नॉट फेमस, ना?" वकील म्हणायचे, "फेमस माणसांना चरित्रकार मिळतातच गं. हे पुस्तक आता मीच मराठीत करणार." आणि खरंच करायला बसले. लांब रेघी वह्यांमध्ये, शाईच्या पेनाने.

ते तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण पुस्तकाच्या मागे परिशिष्टात ओबादायाच्या विधानसभेचे कामकाजाचे नियम छापलेले होते. वकिलांनी ते मराठीत उतरवले आणि आमच्या मंडळाला लावले. आमचं मंडळ म्हणजे काय? गणपती, हळदीकुंकू, एक नाटक, एक सहल. पण वार्षिक सभेला अध्यक्षस्थानी बसायला कुणी तयार नसायचं, कारण तिथे शिव्या खाव्या लागतात. वकील तयार झाले. तेव्हापासून दर वर्षी तेच सभापती. एक्केचाळीस पानांची नियमावली. वडे गार होऊ लागले. नर्स, फोरमन, ड्रायव्हर सगळे "सन्माननीय सदस्य" झाले. एकदा एका सदस्याला बाथरूमला जायचं होतं, तर त्याला 'विशेषाधिकाराचा मुद्दा' उपस्थित करावा लागला.

आता तो माझा प्रस्ताव.

आमच्यात बबन घाडी नावाचा एक क्रेन ऑपरेटर होता. कुडाळच्या बाजूचा. पंचवीसहून जास्त वर्षं मस्कतला काढली. दर वर्षी मंडळाच्या गणपतीचा मंडप त्याने उभा केला आणि त्यानेच उतरवला. एका मंगळवारी तो कायमचा गावी गेला. कुणाला पत्ता नाही. मला कळलं ते पंधरा दिवसांनी, त्याची कॉट विकायला त्याचा रूममेट माझ्याकडे आला तेव्हा. आणि त्याच महिन्यात कुणी बँकेतले साहेब, मंडळाचे माजी अध्यक्ष, परत निघाले, तर त्यांना स्टेजवर शाल, श्रीफळ, तीन भाषणं. माझं डोकं फिरलं. मी ठरवलं, प्रस्ताव मांडायचा: देश सोडून कायमचा परत जाणाऱ्या प्रत्येक सभासदाला, तो कुठल्याही कामाचा असो, मंडळाने स्टेजवर बोलावून निरोप द्यावा.

लिहून घेतला. पाठ केला. सभेत इंग्रजीत बोलावं लागलं तर पंचाईत नको, म्हणून एका शिकलेल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, प्रस्ताव मांडणे म्हणजे 'टेबल करणे'. मी म्हटलं वा, टेबल तर माझा धंदाच आहे.

सभेत उभा राहिलो. प्रस्ताव वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घाडीचं नाव ऐकून दोघी बायकांनी डोळे पुसले. मग मी छाती पुढे काढून म्हणालो, "सभापती महोदय, माझी विनंती आहे, हा प्रस्ताव टेबल करावा."

वकिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "प्रस्ताव टेबल करण्याची सूचना आली आहे. अनुमोदन?"

पंधरा हात वर.

"बाजूने?"

सगळे हात वर. मला वाटलं, जिंकलो.

"एकमताने मंजूर. प्रस्ताव टेबल झाला. पुढचा विषय: हळदीकुंकवाला वाण काय द्यावं."

"अहो!" मी ओरडलो. "चर्चा? मतदान?"

"टेबल झालेल्या विषयावर चर्चा होत नाही. नियम एकोणीस. अमेरिकन पद्धतीत टेबल करणे म्हणजे विषय बाजूला ठेवणे."

"आपल्याकडे टेबल करणे म्हणजे मांडणे!"

"सन्माननीय सदस्यांनी नियमावली आधी वाचायला हवी होती."

"मग आता उचला तो टेबलावरून!"

"उचलता येईल. दोन-तृतीयांश सभासद हजर असलेल्या कुठल्याही सभेत."

दोन-तृतीयांश! आमच्याकडे दोन-तृतीयांश लोक फक्त महाप्रसादाला येतात, आणि तिथे सभा घेता येत नाही. नियम तेवीस.

त्या दिवशी मी खुर्ची लाथाडून बाहेर पडलो. खुर्ची माझ्याच दुकानातली होती. माझ्याच पुस्तकाने माझा गळा कापला, आणि कापणारा कोण, तर जो दर शुक्रवारी माझ्याच घरी तिखलं ओरपतो तो. मी मीनाला सांगितलं, तो माणूस आता ह्या घरात पाय ठेवणार नाही. शुक्रवारी बेल वाजली. दारात वकील, हातात कोथिंबीर. मीनाने जुडी घेतली. मी ताट घेऊन आतल्या खोलीत जाऊन जेवलो. असं चार शुक्रवार केलं. पाचव्या शुक्रवारी आतला एसी बिघडला, म्हणून बाहेर येऊन बसलो. पण विषय सोडला नाही. दर शुक्रवारी भात कालवता कालवता विचारायचो, "मग वकीलसाहेब, माझा प्रस्ताव काय म्हणतोय?"

"टेबलावर आहे," ते म्हणायचे, आणि मीनाला म्हणायचे, "वहिनी, थोडा रस्सा."

अशी तीन वर्षं गेली. मंडळाचे आणखी कितीतरी लोक गपचूप निघून गेले. दर वेळी मी त्यांना नाव सांगायचो. ते मान खाली घालून जेवायचे.

आणि मग ह्या वर्षी त्यांचीच पाळी आली. ऑफिसने कळवलं, वय झालं, आता व्हिसा नवा होणार नाही. महिनाभरात परत. हे त्यांनी मला सांगितलंही नाही. फोन केला तो असा: "सदा, व्यापारी म्हणून ये. खोलीतलं सामान बघून जा."

मत्रहला गेलो. सामान म्हणजे काय? एक कॉट, एक कपाट, एक टेबलफॅन, एक खुर्ची. माझ्याच दुकानातली. मी इतक्या घरांचं सामान उचललंय, एकट्या माणसाच्या घरीसुद्धा दोन खुर्च्या असतात. एक पाहुण्याची. इथे एकच. तिच्याकडे बघून मला उगाच राग आला, कुणाचा ते कळेना. मी भाव सांगितला.

"जास्त आहे," वकील म्हणाले.

"काय?"

"जुनी कॉट आहे. एवढी तिची लायकी नाही. कमी कर."

"मी घेणारा! मी वाढवतो, तुम्ही कमी करता?"

"ओळखीतून मिळालेला जास्तीचा पैसा म्हणजे रेल्वेचा पासच."

असा सौदा माझ्या जन्मात झाला नव्हता. मी वर चढतोय, ते खाली उतरतायत, दोघांचे आवाज गल्लीपर्यंत. घरमालक वर आला, म्हणाला, "शू फी? काय झालं?" वकिलांनी त्याला अरबीत समजावलं. तो बराच वेळ ऐकत राहिला, मग ओबादायाला सलाम करून निघून गेला.

शेवटी मी म्हटलं, "तुमच्या भावाने घेतो. पण एक अट. जाण्याआधी एक वाक्य बोला. 'सदा, त्या दिवशी तुझ्यावर अन्याय झाला.' बस. तेवढंच."

ते खिडकीकडे वळले. खाली बंदरात एका लाकडी बोटीतला माल उतरवत होते. "सभापतीचा निर्णय नियमाला धरून होता," ते म्हणाले.

"नियम गेला खड्ड्यात! आज तुम्ही चाललात. शाल नाही, नारळ नाही. तुमच्याच नियमाने. बरं वाटतंय?"

"सदा, तू गप रव," ते म्हणाले. वकील मालवणीवर आले म्हणजे बोलणं खलास. मग जरा वेळाने हळूच, खिडकीशीच बोलल्यासारखं, "माका थंय न्हेवक तरी कोण येतलो हा."

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला. गणपतीत फोन करतो. नेरूरचं घर बंद. स्टेशनवर न्यायला येणार कोण? हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि एकच खुर्ची बघणं ह्यात फरक आहे.

निघताना त्यांनी एक पिशवी माझ्या हातात दिली. सात रेघी वह्या आणि ते जाडजूड इंग्रजी पुस्तक. "इशाला दे. टाइप करून दे म्हणावं. तिचं मराठी सुधारेल. अडलं तर मूळ बघेल."

इशा आता अकरावीत आहे. इंग्रजी फाडफाड, मराठी अडखळत. सुट्टी होती, म्हणून दुकानात त्या अक्रोडाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली. ते टेबल माझ्याकडेच राहिलं होतं. आखूड पायाचं बारा माणसांचं टेबल कोण घेणार? मी त्याच्यावरच सौदे करतो. पायाखाली पुठ्ठ्याची घडी, ती दर महिन्याला दबते आणि टेबल पुन्हा डुगडुगतं. पोरगी आधी मोठ्याने वाचायची, मग टाइप करायची. मी गिऱ्हाइकांशी भांडता भांडता ऐकायचो. झोपडी, झाडू, खेचर, कुंपण. सगळं पाठ होतं.

शेवटचं प्रकरण आलं. ओबादाया निवडणूक हरला. शाळेसाठी कर लावायच्या बाजूने मत दिलं म्हणून गावानेच पाडला. मग तो तिकीट काढून रेल्वेने गावी परत आला. इशा वाचत होती:

"'स्टेशनावर त्याला न्यायला कोणी येईल असे त्याला वाटले नव्हते. पण घोड्यांचा एक व्यापारी उभा होता. हा माणूस गरम डोक्याचा. ओबादायाशी त्याचे कधी पटले नाही. ओबादायाने एकदा त्याचा एक अर्ज बाजूला ठेवून दिला होता. नियमाने ते बरोबर होते. माणूस म्हणून ती चूक होती. त्या अर्जाने ज्यांचे भले झाले असते, त्यात एक दिवस आपणही असू, आणि गावापुढे उभे राहून आता कोणाकडे जाणार हे सांगावे लागेल, ह्याची त्याला भीती वाटली होती. हे तो व्यापाऱ्याला कधी बोलला नाही. व्यापाऱ्याने हमालाशी घासाघीस केली, त्याची पेटी उचलली, आणि त्याला आपल्या घरी जेवायला नेले. ओबादायाला त्या गावात त्याच्याखेरीज दुसरे कोणी नव्हते.'"

इशा थांबली. इंग्रजी पुस्तकाची पानं पुढे-मागे केली. "पप्पा, हे इथे नाहीये."

"काय नाही?"

"हा हॉर्स डीलर. बुकमध्ये नाहीच. इथे फक्त लिहिलंय, देअर वॉज नो वन ॲट द स्टेशन. फुल स्टॉप. काकांनी मेक-अप केलंय." मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी लगेच आखूड पायाखालचा पुठ्ठा बघायला खाली वाकलो. बराच वेळ वाकलो. पुठ्ठ्यात एवढं बघण्यासारखं काही नव्हतं.

सभेच्या नोटिशीला चौदा दिवस लागतात, नियम चार. वकिलांचं विमान आठ दिवसांवर. म्हणून मी सभा बोलावली नाही. शुक्रवारी दुपारी दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं आणि फोन केले. यल्ला, चला, जेवायला या. फोरमन आले, नर्स आल्या, वसईचा फ्रान्सिस हॉटेलातून केक घेऊन आला. सगळे धरून दोन-तृतीयांश तर नक्की होते. बारा माणसांच्या टेबलाभोवती तीसजण, कोण खुर्चीवर, कोण विकायला ठेवलेल्या सोफ्यांवर. मीनाने मोठ्या टोपात तिखलं आणलं.

वकील आले ते वह्या परत न्यायला म्हणून. हातात कोथिंबीर. दारातच थांबले, माणसं बघितली आणि चेहरा कडक झाला. "ही सभा आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "हे फक्त टेबल आहे. विषय त्याच्यावर आधीच आहे."

मी शाल काढली. भाषण येत नाही, म्हणून इशाला म्हटलं, काकांच्या पुस्तकातलं शेवटचं पान वाच. वकील गडबडीने म्हणाले, "नको, ते अजून तपासलेलं नाही." पण पोरीने सुरुवात केली होती. लोक मजेत ऐकत होते. त्यांच्यासाठी ती ओबादायाची गोष्ट होती. इशा अडखळत, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होती. "नियमाने ते बरोबर होते. माणूस म्हणून ती चुक होती."

"चूक," वकील म्हणाले.

ती थांबली. "चुक?"

"ऱ्हस्व नाही. दीर्घ आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांच्या देखत, खणखणीत आवाजात, फणसाच्या खटल्यातसुद्धा असं बोलले नसतील. "चूक. चूक होती."

मला एक वाक्य हवं होतं. ते मिळालं, वर स्वराच्या दुरुस्तीसकट. मी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली, नारळ हातात दिला आणि म्हटलं, "बसा आता, सगळं गार होतंय." त्या गर्दीत कुणीतरी टेबलावर टोप ठेवला, टेबल एका बाजूला कललं आणि रस्सा सांडला. वकिलांनी लगेच नारळ खाली ठेवला. वह्यांच्या पिशवीतून ते इंग्रजी पुस्तक काढलं, ह्या वयात जमिनीवर गुडघे टेकले, पुठ्ठा ओढून काढला आणि पुस्तक त्या आखूड पायाखाली सरकवलं. हाताने टेबल हलवून बघितलं. हललं नाही.

"अहो, तुमचा ओबादाया!" मी म्हटलं.

"माझा वह्यांमध्ये आहे," ते म्हणाले. "हा टेबलाबरोबर आला होता."

त्यांना विमानतळावर मी सोडलं. गाडीत बसायच्या आधी त्यांनी कोथिंबीर दिली. जुडी डॅशबोर्डवर ठेवली, तेव्हाच दार लावून घेतलं. दोन दिवसांनी सकाळी दुकानात फोन वाजला. बबन घाडी, कुडाळ स्टेशनवरून. मीच त्याला सांगून ठेवलं होतं. मागे गाडीची घोषणा चालू होती आणि तो ओरडत होता, "अरे सदा! ह्ये वकील रिक्षात बसाक तयार नाय! फुकट बसूचंय नाय म्हणतत! आता काय करू?"

"त्यांका सांग," मी म्हटलं, "घरी पोचल्यावर बबनाक कोथिंबिरीची एक जुडी दिया. तिकीट झाला."

पलीकडे थोडं बोलणं झालं. मग रिक्षाचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, आणि फोन बंद झाला.

टेबल अजून दुकानात आहे. आता डुगडुगत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकं विचारतात. परवा मंडळातल्याच एक श्रीमंत बाई हटूनच बसल्या, चांगला भाव देत होत्या, वर चढत होत्या. मी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, मॅडम, तो विषय टेबल केलाय. त्यांनी विचारलं, म्हणजे आपल्या पद्धतीने की अमेरिकन?

मी म्हटलं, अमेरिकन.